छपरावरची नजर



घराचे छप्पर ही अशी वस्तू आहे की, ते धड असेपर्यंत घरातल्या कोणाचेही तिकडे लक्ष जात नाही. उंबरा झिजला तर पायाला कळतो, भिंतीला ओल आली तर डोळ्यांना दिसते. छपराची आठवण होते ती मृगाच्या पहिल्या सरीत, माजघरात टपटप थेंब पडू लागले म्हणजे. मग कोणी पातेले मांडतो, कोणी शिडी शोधतो, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, “मी वैशाखातच सांगत होतो, कौलं परतून घ्या!”

श्रीवर्धनजवळ माझ्या मामांचे असेच एक जुने कौलारू घर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या घराची निम्मी कौले उडाली आणि मागल्या दाराचा माड पडवीवर आडवा झाला. घरावर बँकेचे कर्ज होते आणि त्या निमित्ताने विमाही उतरवलेला होता. काही दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मध्यम वयाचा, घामाघूम झालेला गृहस्थ. मामांनी शिडी लावली, खालून धरून ठेवली, आणि तो वर चढला. वरूनच एकेक प्रश्न विचारू लागला. “हा वासा कधीचा? हा वादळात मोडला का?”

मामा म्हणाले, “तो वासा माझ्या वडिलांच्या वेळचा. त्याला वाळवी आधीच लागली होती. वादळानं फक्त शेवटचा धक्का दिला.”

सर्व्हेअरने तसे लिहून घेतले. पुढे भरपाई आली, तीत त्या वाशाचे पैसे नव्हते, कौलांचे आणि पडवीचे मात्र होते. मी मामांना म्हटले, “तुम्ही वाळवीचं सांगायला नको होतं.” मामा म्हणाले, “अरे, त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं, मीही खाली उभा राहून पाहत होतो. भांडायचं कशावरून?”

मला आज बोलायचे आहे ते या शिडीविषयी. कारण जगाच्या काही भागांत ही शिडी हळूहळू नाहीशी होत आहे, आणि तिच्या जागी आभाळातला एक डोळा येत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात राहतो. डोंगराच्या पायथ्याशी, सूचिपर्णी झाडांच्या सावलीत त्याचे घर आहे. २०२४ च्या आरंभी त्याचा फोन आला. म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला विमा शिकवला होता, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझ्या कंपनीचं पत्र आलंय. मुदत संपल्यावर घराचा विमा पुढे चालू ठेवणार नाही म्हणतात. कारणं तीन दिलीत. छपरावर शेवाळ, छपरावर झाडाची फांदी, आणि परसात अडगळीचा ढीग. पण सर, आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं हो!”

कोणी आले नव्हते हे खरे. तरीही पाहणी झाली होती. ती वरून झाली होती.

श्रोतेहो, ड्रोन ही वस्तू आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. चार पंख्यांचे ते पाखरू लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालते, उसावर औषध फवारते. त्याला कॅमेरा लावला की ते छपराचा फोटो काढते, आणि तो इतका स्पष्ट असतो की कोणती पट्टी उचकटली आहे तेही कळावे. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने २०१५ साली काही विमा कंपन्यांना ड्रोन वापरण्याची खास परवानगी दिली. पुढे २०१६ साली सर्वांसाठी नियम झाले. ड्रोनचे वजन ५५ पौंडांहून, म्हणजे सुमारे २५ किलोंहून, कमी असावे. ते सर्वसाधारणपणे जमिनीपासून ४०० फुटांच्या आत उडावे, आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावे.

ड्रोन झाला एकेका घरासाठी. गावेच्या गावे टिपायची असली म्हणजे कॅमेरे लावलेली छोटी विमाने वापरतात. शेतात नांगराने तास पाडावेत तशी ही विमाने आभाळात सरळ रेघा ओढीत जातात, परत फिरतात, शेजारची रेघ धरतात. काही चित्रे उपग्रहांवरून येतात. अशा चित्रांचे साठे करून ते विमा कंपन्यांना पुरवणे हा तिकडे एक मोठा धंदाच झाला आहे. लाखो घरांची चित्रे माणूस कोठवर पाहणार? म्हणून ती संगणकाकडे देतात. शेवाळ कसे दिसते, गंज कसा दिसतो, छपरावर आलेली फांदी कशी दिसते, हे संगणकाला हजारो नमुने दाखवून आधी शिकवलेले असते. तो प्रत्येक छपराला गुण देतो. शाळेत मुलाला द्यावेत तसे. फरक एवढाच की, येथे परीक्षा कधी झाली हे त्या मुलाला ठाऊक नसते.

आता कोणी विचारील, सगळ्यांचा रोख छपरावरच का? त्याचे कारण तिकडच्या बांधणीत आहे. अमेरिकेतील पुष्कळशी घरे लाकडी सांगाड्याची असतात, आणि छपरावर डांबर बसवलेल्या पातळ पट्ट्या एकावर एक खिळलेल्या असतात. आपल्या मंगलोरी कौलासारखे त्यांचे आयुष्य दोन-दोन पिढ्यांचे नसते. वीस-पंचवीस वर्षांत त्या बदलाव्या लागतात. गारपीट झाली की त्या फुटतात, वादळात उडतात, आणि एकदा छपरातून पाणी आत शिरले की भिंती, जमीन, सामान सगळेच नासते. वणवा पेटला तर वाऱ्याबरोबर उडणारे निखारे आधी छपरावर आणि पन्हळीतल्या सुक्या पाल्यावर पडतात. म्हणून छप्पर कसे आहे हे समजले की, घराचा निम्मा धोका समजला असे विमा कंपन्या मानतात.

या नव्या डोळ्याचा उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. ओल्या, उतरत्या छपरावर चढणे हे जिवावरचे काम आहे. तेथून पाय घसरून माणसे जायबंदी होतात, दगावतातही. ड्रोनमुळे माणूस जमिनीवर राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे नावाचे वादळ टेक्सास राज्यावर आले, ह्यूस्टन शहराचे मोठाले भाग पाण्याखाली गेले. त्या वेळी विमा कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर ड्रोन उडवले. जेथे रस्ताच उरला नाही तेथे शिडी कोठे लावणार? अशा वेळी वरून काढलेला फोटो संकटात सापडलेल्या माणसाच्या बाजूने साक्ष देतो. याचे घर खरोखरच उद्ध्वस्त झाले आहे, याला पैसे द्या, असे तो फोटो सांगतो.

म्हणजे नुकसान झाल्यानंतर हा डोळा आला तर तो बहुधा मदतीला येतो. कुरबूर आहे ती नुकसान होण्याआधीच्या पाहणीविषयी. घर उभे आहे, माणूस नियमाने हप्ता भरतो आहे, आणि एके दिवशी पत्र येते की, आम्ही वरून पाहिले, आम्हाला तुमचे घर नको.

असे पत्र का येते हे समजून घ्यायला हवे, नाहीतर आपण कंपनीवर अन्याय करू. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे गाव वणव्यात जळाले. त्या एका वणव्यात ८५ माणसे मेली आणि १८ हजारांवर इमारती नष्ट झाल्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या परिसरात दोन मोठे वणवे लागले आणि १६ हजारांवर इमारती गेल्या. घरे पुन्हा बांधण्याचा खर्चही वाढत गेला. विमा हा धर्मादाय नसतो. शंभर जणांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याचे जळेल त्याला त्यातून द्यायचे, हे त्याचे साधे गणित. शंभरांतली चाळीस घरे जळण्याच्या बेताची असली तर ते गणित कोसळते. म्हणून कंपन्या धोक्याची घरे गाळू लागल्या. मार्च २०२४ मध्ये तेथील सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीने राज्यातल्या सुमारे ७२ हजार पॉलिसी पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. ते सगळे फोटो पाहून झाले असे नाही. वाढता खर्च आणि आपत्तींचा धोका ही कारणे तिने दिली. पण अशा हवेत ज्याच्या छपराला कमी गुण मिळाले, त्याची धाकधूक किती वाढत असेल याची कल्पना करा.

कारण विमा गेला म्हणजे केवळ एक कागद गेला, असे तिकडे नसते. घर कर्जावर घेतलेले असले तर विमा चालू ठेवणे ही कर्जाची अटच असते. माणसाला विमा मिळाला नाही तर कर्ज देणारी संस्था स्वतःच्या वतीने विमा उतरवते आणि त्याचा खर्च कर्जदाराच्या माथी मारते. तो पुष्कळ महाग पडतो. ज्यांना कोणीच घेत नाही त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात १९६८ पासून शेवटचा आसरा म्हणून एक योजना आहे, पण तिचे संरक्षण तोकडे आणि हप्ता भारी. माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, घर माझं आहे असं मी समजत होतो. आता वाटतं, ते एका फोटोवर टांगलेलं आहे.”

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. माझ्या घरावरचे आभाळ माझे नाही काय? त्यातून परक्याने पाहावेच का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा गेला होता, आणि तो नेणारा होता एक कोंबड्या पाळणारा शेतकरी. उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो येथे थॉमस ली कॉजबी यांची जेमतेम तीन एकर जागा होती. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमाने उतरू लागली. ती कॉजबींच्या जागेवरून अवघ्या ८३ फूट उंचीवरून जात. त्या आवाजाने कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटत आणि मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बुडाला. जुन्या कायद्याचे एक वचन होते की, ज्याची जमीन त्याचेच वरचे आभाळ, थेट स्वर्गापर्यंत. १९४६ साली न्यायालयाने सांगितले की, विमानांच्या युगात हे वचन चालणार नाही. उंचावरचे आकाश सर्वांच्या वाहतुकीचे आहे. मात्र जमिनीचा वापर करायला लगतचे जेवढे आकाश लागते, तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे. विमाने इतक्या खालून नेऊन सरकारने शेतकऱ्याची मालमत्ताच घेतल्यासारखे झाले, तेव्हा भरपाई द्या.

कॉजबींना न्याय मिळाला, पण त्याच निकालाने उंचावरचे आभाळ मोकळे झाले. आज हजारो फुटांवरून विमान गेले आणि त्याने छपराचा फोटो घेतला, तर “माझ्या आभाळात का आलास?” असे घरमालकाला विचारता येत नाही. तेव्हा आभाळाच्या मालकीवरून भांडून फारसे हाती लागणार नाही. विचारायला हवे ते वेगळेच.

विमा हा करार विश्वासाचा आहे, असे आम्ही वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतो. दुकानात कापड घेताना आपण ते हाताने चाचपून पाहतो. फसलो तर चूक आपली. विम्यात तसे नसते. म्हणून दोघांनीही एकमेकांपासून काही लपवू नये असा दंडक आहे. हा दंडक स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो इंग्लंडमध्ये, १७६६ साली. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. परकी शत्रू तो घेईल या धोक्याविरुद्ध तेथल्या गव्हर्नरसाठी लंडनमध्ये विमा उतरवला गेला. फ्रेंचांनी किल्ला खरोखरच घेतला. तेव्हा विमा घेणारा म्हणू लागला, “किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलेच नाही!” निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला. पण न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्या वेळी एक मोलाची गोष्ट सांगितली. सचोटीचे हे बंधन विमा उतरवणाऱ्यावर आहे तसेच विमा देणाऱ्यावरही आहे. जहाज सुखरूप बंदराला लागले हे ज्याला गुपचूप कळले आहे, त्याने ते लपवून त्याच सफरीचा विमा दिला आणि हप्ता घेतला, तर तोही करार टिकणार नाही.

श्रोतेहो, त्या काळी सगळी माहिती विमा उतरवणाऱ्याजवळ असे. लंडनच्या माणसाला सुमात्रातला किल्ला दिसत नव्हता. आता पारडे फिरले आहे. माझ्या छपरावर काय आहे हे मला ठाऊक नाही, पण शेकडो मैलांवरच्या कचेरीत ते ठाऊक आहे. मग अडीचशे वर्षांपूर्वीचा तो दंडक आज कोणाला अधिक लागू व्हावा? ज्याला जास्त दिसते, त्याने जास्त सांगितले पाहिजे. एवढेच आजच्या माझ्या बोलण्याचे सार आहे.

ते सांगितले नाही म्हणजे काय होते पाहा. माझ्या विद्यार्थ्याने कंपनीला फोन केला. “परसात अडगळ म्हणजे नेमकी कोणती? मला फोटो दाखवा.” पहिल्या फोनला उत्तर मिळाले नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या खेपेला एका बाईंनी सहृदयपणे फोटो पाठवला. त्यावर तारीख होती नोव्हेंबर २०२३ ची. छपरावरचे शेवाळ म्हणून जे धरले होते, ती बरीचशी झाडाची सावली होती. फांदी मात्र खरीच छपरावर आली होती. आणि परसातला तो अडगळीचा ढीग? निळ्या ताडपत्रीखाली झाकलेला मातीचा उंचवटा, भोवती दगड आणि फळ्या. तो पाहून नवराबायको दोघेही हसत सुटली. तो त्यांच्या मुलीने केलेला दिवाळीचा किल्ला होता! पाऊस आला तर विरघळेल म्हणून बापाने त्यावर ताडपत्री घातली होती.

संगणकाने खोटे सांगितले असे नाही. वरून पाहिले तर मातीचा ढीग तो ढीगच. शिडीवरून आलेल्या माणसाने एका शब्दात विचारले असते, “हे काय आहे?” पोरगी म्हणाली असती, “किल्ला!” आणि प्रकरण तेथेच मिटले असते. फोटोला दिसते, पण फोटोला विचारता येत नाही. सावली आणि शेवाळ, ढीग आणि किल्ला, यांतला भेद कित्येकदा विचारूनच कळतो.

तिकडच्या लोकांना हे कळत नाही असे नाही. अमेरिकेत विम्याचे नियमन राज्याराज्यांकडे आहे. कॅलिफोर्नियात पॉलिसी पुढे चालू ठेवायची नसेल तर घरमालकाला किमान ७५ दिवस आधी कळवावे लागते. त्या राज्याने २०२२ साली असाही नियम केला की, वणव्याच्या धोक्याबद्दल घराला जे गुण दिले असतील ते मालकाला सांगावेत, आणि ते मान्य नसल्यास त्याला दाद मागता यावी. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये विमा कंपन्यांसाठी एक नमुना-पत्रक संमत केले. यंत्राच्या बुद्धीने निर्णय घेतलात तरी त्याची जबाबदारी तुमचीच, तो कायद्याला धरून आणि न्याय्य असला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. गाडी त्या दिशेला लागली आहे. पण फोटो दाखवा, त्याची तारीख सांगा, दुरुस्तीला मुदत द्या आणि शंका आली तर माणूस पाठवा, या चार साध्या गोष्टी अजून सगळीकडे सरसकट मिळत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशय, हे सगळे अमेरिकेचे झाले. आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो घरापेक्षा शेताशी अधिक आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तीत मंडळातले उत्पादन किती घटले हे मुख्यतः पीक कापणी प्रयोगावरून ठरते. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेथले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. बांधावर उभे राहून चार माणसे ते पाहू शकतात. त्याच्या जोडीला आता वरची नजर येत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाला भात आणि गहू पिकवणाऱ्या १०० जिल्ह्यांत ड्रोनने पिकांची माहिती गोळा करण्याची परवानगी मिळाली. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहादी साधनांवरून काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याचे केंद्राने ठरवले. याने प्रयोगातली हातचलाखी कमी होईल, निकाल लवकर लागेल, हे चांगलेच आहे. परंतु वरून हिरवे दिसणारे सोयाबीन खाली शेंगांनी भरले आहे की नुसतेच माजले आहे, हे बांधावरच्या माणसाला विचारावे लागते. तेथेही प्रश्न तोच. ज्याने पाहिले, तो दाखवणार काय?

आणि दाखवता येते, हे आपल्याच गावांनी पाहिले आहे. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी स्वामित्व योजनेत ड्रोन उडवले गेले. तिची सुरुवात २४ एप्रिल २०२० रोजी झाली. आपल्या राज्यात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी असा प्रयोग झाला होता. या योजनेची रीत कशी आहे? ड्रोन येण्याआधी गावाला कळवायचे. प्रत्येकाने आपापल्या जागेची हद्द चुन्याची फक्की टाकून आखायची. मग ड्रोन उडायचे. त्यावरून झालेला नकाशा पुन्हा गावात आणून जमिनीवर ताडून पाहायचा आणि हरकती ऐकायच्या. त्यानंतर पत्रिका. प्रत्यक्षात कोठे घाई झाली असेल, कोठे भाऊबंदकी उफाळली असेल, ते सोडा. रीत मात्र शहाणपणाची आहे. ड्रोन तेच, कॅमेरा तोच, पण खाली चुना टाकणारा हात मालकाचा आहे. आभाळातल्या डोळ्याला काय दिसावे, हे त्याने आधी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.

तेव्हा आपल्यापुरते काय करावे, ते थोडक्यात सांगतो. घराचा असो, गोठ्याचा असो की पिकाचा, विमा असेल तर आपलेही फोटो आपल्याजवळ असू द्या. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, छपराचा फोटो चारी बाजूंनी घ्या. मोबाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. पिकाच्या बाबतीत २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आहे. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तो कंटाळा करू नका. ती तुमची चुन्याची फक्की आहे. कंपनीने काही नाकारले तर कारण लेखी मागा. फोटोचा आधार घेतला असेल तर फोटो आणि त्याची तारीख मागा. घरादाराच्या विम्याच्या तक्रारीचे उत्तर महिनाभरात आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत, आणि त्याला फी लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सुचवणूक. एखाद्या शनिवारी मुलांना शाळेचे चित्र काढायला सांगा, पण वरून दिसेल तसे. घंटा, फळा, गुरुजी, काहीच दिसणार नाही. दिसतील पत्रे आणि झाडाचा शेंडा. मग विचारा, “या चित्रात कोणती गोष्ट राहून गेली?” मुले जी यादी देतील ती ऐकण्यासारखी असेल. भूगोलाचा तास होईल, आणि नागरिकशास्त्राचाही.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे ऐकायला तुम्ही थांबला असाल. त्याने फांदी तोडली, शिडी लावून छपराचे नवे फोटो काढले, किल्ल्याची हकीकत लिहून पाठवली. एक माणूस येऊन पाहून गेला. कंपनीने विमा चालू ठेवला, हप्ता थोडा वाढवून. कंपनीचे फांदीपुरते म्हणणे खरे होते, हे तोही मान्य करतो.

पण त्या वर्षी दिवाळीत मुलीने किल्ला कोठे करायचा असे विचारले, तेव्हा बापाने तो परसात करू दिला नाही. व्हरांड्यात, छपराखाली केला. तिने विचारले, “बाबा, इथे का? इथे ऊन नाही, हळीव उगवणार नाहीत.” त्याने मला हे सांगितले आणि जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तिला काय सांगू? वरून कोणीतरी बघतंय, असं सांगू?”

मला उत्तर सुचले नाही. मला मामांची शिडी आठवली. वर चढणारा परका होता, पण शिडी घरमालकाने धरली होती, आणि दोघेही एकमेकांना दिसत होते. यंत्रे येतील, आणि ती यावीत. शिडी लावायची की नाही हे काळ ठरवील. पण तिचे खालचे टोक ज्याचे घर त्याच्या हातात असावे, एवढा आग्रह आपण धरू या.